श्वास कापायचा नाही

३ मार्च

बाबा,

नमस्कार. पाठ धरली आहे, त्यामुळे वाकून नाही, खुर्चीत बसल्याबसल्याच. आशीर्वाद मात्र पूर्ण द्या, त्यात कपात नको.

डबा सोबत येतो आहे. डिस्क नेहमीसारखी तुमच्या जुन्या लोकरी मोज्यात घातली आहे. कुरिअरवाल्याने विचारलं, आत काय? म्हटलं, सासऱ्यांचा मोजा. त्याने माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि पुढचे प्रश्न गिळून टाकले.

आता काम ऐका. आमच्या शहरात पोहायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत. सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणतात. अर्ध्या शहराला त्यांनी पाण्यात ढकललं आणि वर काढलं, त्यात आमचे साहेबही आले. स्टुडिओचे मालक, एवढा रुबाब, पण शिट्टीबाई समोर आल्या की पोट आत घेऊन उभे राहतात. एप्रिलअखेर त्या निवृत्त होताहेत. त्या दिवशी तलावाच्या काठावर पडदा लावून त्यांच्यावरची छोटी फिल्म दाखवायची आहे. चित्रीकरण झालं. दोन कॅमेरे होते, आवाज वेगळा घेतलाय. पहिला कट बाबाच करणार, असं मी साहेबांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "हे काय विचारायचं?" तुम्ही निवृत्त होऊन तिकडे राहायला गेलात, पण तुमच्या खुर्चीवर अजून कुणी पटकन बसत नाही. मीसुद्धा शेजारच्या स्टुलावरच बसते. काय करणार, आधी तुमच्या हाताखाली शिकणारी उमेदवार झाले आणि नंतर सून. पहिलं नातं सुटत नाही.

आता दुसरं. इथे तुमच्या कपाळावर आठी पडणार, म्हणून आधीच हात जोडते. आपलं एडिटिंगचं सॉफ्टवेअर जुनं झालं. एप्रिल संपला की स्टुडिओतल्या सगळ्या मशीनवर नवं येणार आणि जुनं जाणार. नव्यात उघडलेलं काम जुन्यात परत उघडत नाही. म्हणजे तुम्ही जुन्यावर राहिलात आणि मी नव्यावर गेले, तर आपला डबा इकडून तिकडे फिरवून काही उपयोग नाही. तुम्हीही नवं घ्या ना. फार हुशार आहे हो. माणूस बोललेलं आपोआप लिहून दाखवतं. दोन वाक्यांमधली शांतता स्वतःच कापून टाकतं. तुमचं आठवड्याचं काम एका दुपारी होईल.

विचार करा. नाही म्हणायच्या आधी विचार करा, एवढंच मागणं.

तुमची
सून (आणि उमेदवार)

•

११ मार्च

सूनबाई,

आशीर्वाद पूर्ण. पाठीला शेक दे आणि माझ्या चिरंजीवांना म्हणावं, बायकोची खुर्ची बदल, नाहीतर मी तिथे येऊन तुझी बदलीन.

पत्र टाइप केलं आहे. अक्षर हल्ली मोत्यासारखं राहिलं नाही आणि वाईट अक्षरातलं पत्र तुला पाठवणं माझ्याच्याने होत नाही. तू काही मनावर घेऊ नकोस.

शिट्टीबाई ऐकल्या. सगळ्या ऐकल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत. काय आवाज आहे! वर्षानुवर्षं पाण्यावरून ओरडून ओरडून घासलेला, तरी धार गेलेली नाही. एका ठिकाणी त्या म्हणतात, "मी कुणाला पोहायला शिकवत नाही. मी श्वास सोडायला शिकवते. घेता सगळ्यांनाच येतो." हे वाक्य ऐकून मी मशीन थांबवलं आणि उठून खोलीत एक फेरी मारली. एवढी वर्षं हा धंदा केला आणि तुला एकच गोष्ट शिकवली, की श्वास कापायचा नाही. माणूस श्वास घेतो त्याच्या आधी कट मार किंवा सोडल्यावर मार, मध्ये मारलास तर बघणाऱ्याचा जीव गुदमरतो आणि त्याला कळतही नाही का गुदमरला. या बाई ते पाण्यात शिकवत होत्या. मला आधी भेटायला हव्या होत्या. हे मी मोठ्याने बोललो तर तुझ्या सासूबाई म्हणाल्या, "मग आता जाऊन शिका, चड्डी देते काढून." असो.

नव्या सॉफ्टवेअरबद्दल. नको. माझं मशीन म्हातारं आहे, त्याला नवं पेलणार नाही. शिवाय जुनं उत्तम चालतंय. आणि शांतता आपोआप कापणारं यंत्र मला घरात नको आहे, मला शांतता आवडते.

पहिला भाग या डिस्कवर आहे. बघ आणि लिही. खरं लिही.

बाबा

•

१८ मार्च

बाबा,

बघितलं. खरं लिहू? मी पहिल्यांदा बघितलं आणि लगेच परत पहिल्यापासून लावलं. मग साहेबांना बोलावून दाखवलं. ते मागे उभे होते. भाग संपला तरी हलेनात. मग म्हणाले, "हा माणूस इथून गेला, त्याला आपणच जाऊ दिलं ना?" आणि गेले निघून.

शिट्टीची सुरुवात काय केलीत हो! काळा पडदा, फक्त शिट्टी, मग कुणीतरी पाण्यात पडल्याचा आवाज, आणि मग चित्र. आणि ते, "घेता सगळ्यांनाच येतो." त्या वाक्याला तुम्ही बाईंचा चेहरा धूसर ठेवलात! पूर्ण धूसर, जसं पाण्याखालून कुणाला बघावं तसं. माझ्या हातून हे सात जन्मांत झालं नसतं. तुम्हीच तर फोकस गेला म्हणून दिवसाचं चित्रीकरण कचऱ्यात टाकणारे. आणि तुम्हीच आज तो नियम मोडलात, तोही नेमका जिथे मोडायला हवा तिथे. साहेबांनी तो तुकडा परत परत लावायला सांगितला. मी अभिमानाने फुगून बसले होते, जणू मीच कापलंय.

आता कबूल करते की नव्या सॉफ्टवेअरने माझं हसं केलं. मी त्याच्यावर शिट्टीबाई घालून बघितल्या. ती शांतता कापायची सोय लावली. तुम्हाला आठवतं, बाई पाण्याखाली जातात आणि बराच वेळ वर येत नाहीत, काठावरची सगळी मंडळी गप्प होतात? त्या हुशार यंत्राला वाटलं, इथे काही घडत नाहीये. त्याने सगळं कापलं. बाई पाण्यात डोकं घालतात न घालतात तोच ओल्या होऊन बाहेर. मासासुद्धा इतक्या घाईने वर येत नाही. मी ती सोय बंद करून टाकली.

पण बाकीचं चांगलं आहे हो बाबा, देवाशपथ. मशीन म्हातारं आहे तर नवं मशीन बघू. तुमचे चिरंजीव तयार आहेत. तुम्ही फक्त हो म्हणा. तुमच्यासारखा माणूस एका सॉफ्टवेअरला अडून बसतो हे मला पटत नाही. हट्ट आहे हा, दुसरं काही नाही. आईंना विचारा, त्या माझ्याच बाजूने बोलतील.

तुमची
सून

•

२६ मार्च

सूनबाई,

तुझं पत्र तुझ्या सासूबाईंनी वाचलं आणि मग पुन्हा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या मध्येच थांबल्या आणि चहा टाकायला गेल्या. धूसर चेहऱ्याबद्दल तू जे लिहिलंस त्यावर मी काय बोलणार? काही गोष्टी हातून होतात. फार कौतुक करू नकोस, डोक्यात हवा जाते.

दुसरा भाग पाठवतो आहे. यात तलावाचं लांबून घेतलेलं चित्र आहे, सकाळची पोरं रांगेत उभी आहेत आणि बाई एकेकाचं नाव घेऊन त्याला पाण्यात सोडताहेत. नावं त्या कशा घेतात ते ऐक. घाबरलेल्याचं नाव हळू घेतात आणि आगाऊ पोराचं खणखणीत. एक शब्द न सांगता पोराला कळतं की बाईंनी आपल्याला ओळखलंय. मी नावावर नाव असं रचत गेलो. अशा माणसावर काम करायला मिळालं हे माझं भाग्य, आणि ते तू आणून दिलंस.

सॉफ्टवेअरचं म्हणशील तर मशीनची अडचण नाही, मी आधी उगीच तसं लिहिलं. नव्यात म्हणे रंगीबेरंगी चौकोन फार असतात. मला ते बघवत नाही. आणि या वयात नवं शिकायचं तर कुणाच्या तरी शेजारी स्टुलावर बसावं लागतं. मी आता कुणाच्या स्टुलावर बसणार?

तेव्हा असं करू. तू नव्यावर जा. जायलाच हवंस, तुझं पुढचं सगळं आयुष्य आहे. मी जुन्यावरच थांबतो. शिट्टीबाईंची फिल्म पूर्ण करू आणि हा आपला शेवटचा डबा समजू. वाईट वाटून घेऊ नकोस. मोजाही फाटलाच आहे.

बाबा

•

२ एप्रिल

आई,

हे पत्र तुम्हालाच आहे. बाबांना वाचून दाखवू नका.

बाबांचं पत्र वाचून मी आधी चिडले. शेवटचा डबा काय, मोजा फाटला काय! तुमच्या चिरंजीवांपाशी बडबड केली, की एवढा कलावंत माणूस आणि लहान मुलासारखा रुसून बसलाय. मग दुसरा भाग लावला.

आई, ऐकायला तो पहिल्यापेक्षाही चांगला आहे. ती नावं ऐकून माझ्या अंगावर काटा आला. पण चित्रात, रांगेत उभ्या पोरांच्या पुढे, पडद्याच्या अगदी मधोमध, आमचा दिव्यांचं काम बघणारा माणूस खाली बसून बुटाची नाडी बांधतोय. चांगली व्यवस्थित बांधतोय. एक बांधून झाल्यावर दुसरी सोडून पुन्हा बांधतो. आणि बाबांनी तो ठेवलाय.

मी त्या माणसाकडे बघत राहिले. बाबांना पडद्याच्या कोपऱ्यातली माशी दिसायची. कॅमेऱ्याची सावली भिंतीवर बोटभर आली तरी ते खुर्चीवरून उठायचे. मग मी पहिला भाग पुन्हा काढला, तो धूसर चेहऱ्याचा. ते वाक्य दोन्ही कॅमेऱ्यांवर आहे. पहिल्याचा फोकस गेला होता, दुसऱ्यावर बाई लख्ख दिसतात, आणि आवाज तर दोन्हीला एकच. तुकड्यांच्या यादीत पहिल्या कॅमेऱ्याचा तुकडा वर आहे. बाबांनी वरचा उचलला, एवढंच झालंय. आणि मी त्यावर पानभर कौतुक लिहिलं.

आई, बाबांना दिसत नाहीये का?

खरं ते सांगा.

तुमची
सून

•

७ एप्रिल

चि. सूनबाईस,

बाळ, खरं सांगते. मला लिहिण्याची सवय नाही, चुकलंमाकलं सांभाळून घे.

ह्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, मधलं जातं. डॉक्टर म्हणतात, पुरता अंधार व्हायचा नाही, पण गेलेलं परत यायचं नाही. माझ्याकडे बघायचं झालं तर माझ्या कानाकडे बघतात, मग कुठे मी त्यांना दिसते. संसार एवढा झाला, पण इतकं टक लावून माझ्या कानाकडे कधी कुणी बघितलं नव्हतं. हसतो आम्ही दोघं. हसावंच लागतं.

काम असं चालतं. मी शेजारी बसून तुकड्याचं नाव वाचते आणि कोण कुठे उभं आहे ते सांगते. बाकी सगळं ते कानाने करतात. बटणं त्यांच्या बोटांत आहेत, बघावी लागत नाहीत. फोकस मला काय कळणार? मला आपलं वाटलं, बाई जरा पुसट आल्यात, तशाच असतील. आणि तो नाडीवाला मला फिल्ममधलाच वाटला. म्हटलं, पोहायला आला असेल, बूट काढतोय. माझीच चूक झाली बघ.

तुझं कौतुकाचं पत्र वाचताना मला कसंतरीच झालं. मी चहाच्या निमित्ताने उठले. परत आले तर हे म्हणाले, "पुन्हा वाच." वाचलं. मग हे पायरीवर जाऊन बसले. आत आल्यावर म्हणाले, "पोरीला मी फसवलं नाही, पण ती फसली. आता थांबायला हवं."

तुला सांगायचं नाही असं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणायचे, तिला कळलं तर ती काम पाठवील, पण दयेने पाठवील, आणि माझ्या चुका गुपचूप दुरुस्त करील. मला तिची दया नको, तिचं काम हवंय. नवं सॉफ्टवेअर म्हणजे नवी बटणं, आणि बोटांतलं गेलं तर ह्यांच्याकडे राहिलं काय? भीती आहे ती बाळ, हट्ट नाही. तू त्यांना हट्टी म्हणालीस ते त्यांना बरं वाटलं असावं. हट्टी माणूस धडधाकट असतो.

ह्यांचं काम बंद पडलं तर हा माणूस खुर्चीत नुसता बसलेला मला बघावा लागेल. काहीतरी कर. काय करायचं ते मला कळत नाही, पण तू हुशार आहेस, तू त्यांचीच आहेस.

आई

•

१६ एप्रिल

बाबा,

या वेळी डबा घेऊन तुमचे चिरंजीव स्वतः येताहेत. सोबत एक नवं मशीन आहे. त्याच्यावर नवं सॉफ्टवेअर आणि शिट्टीबाईंचे सगळे तुकडे आहेत, पण ओरडू नका, आधी मोज्यातली डिस्क लावा. डिस्कवर एकच तुकडा आहे आणि त्याला चित्र नाही. ते माझं खरं पत्र. आईंनी वाचायचं नाही, तुम्ही ऐकायचं. खोलीत एकटे बसून ऐका.

सून

(डिस्कवरचा आवाज)

बाबा. मी बोलतेय. म्हणजे कळलंच असेल, इतकं दुसरं कोण खोकतं. लिहिलं असतं तर आईंना वाचावं लागलं असतं, आणि हे आपल्या दोघांचं आहे, उमेदवाराचं आणि उस्तादांचं. तर. काय म्हणत होते मी.

मला कळलंय.

आईंना बोलू नका, मीच खोदून विचारलं. मला फार वाईट वाटलं बाबा. तुमच्यासारख्याच्या वाट्याला हे यावं, हा काय न्याय झाला? इतके दिवस तुम्ही कसं सोसलंत? आणि मी मेली, तुम्हाला हट्टी म्हणत बसले. असो. असो. मला काम बोलायचंय.

मी साहेबांना म्हटलं होतं, माझ्यासाठी एक मशीन जुन्यावरच ठेवा, मी बाबांबरोबर तिथेच काम करीन. ते तयारही झाले. पण मग मी नवं नीट उघडून बघितलं, तुमच्यासाठी म्हणून बघितलं, आणि मला वाटलं, मी आजवर भलत्याच गोष्टींचं कौतुक करत होते. यात बटणं हलवता येतात. कुठलं काम कुठल्या बटणावर, ते आपण ठरवायचं. मी तुमची सगळी जुनी बटणं आणून बसवलीत. सुटीच्या दिवशी डोळ्यांना पंचा बांधून बसले आणि करून बघितलं. तुमचे चिरंजीव म्हणाले, ही काय थेरं. बटणं होती तिथेच आहेत. आणि हे बोलतं बाबा. ज्या तुकड्यावर जाल त्याचं नाव बोलून सांगतं. आवाज अगदी सरकारी आहे, चालवून घ्या. प्रत्येक तुकड्याच्या नावात मी लिहिलंय, चेहरा स्वच्छ, चेहरा धूसर, मधे नाडीवाला. म्हणजे आईंना बसून राहायला नको.

तुम्हाला जमेल तेवढंच करा हं. ताण घेऊ नका. नाही जमलं तरी कुणी काही म्हणणार नाही, तुम्ही आजवर इतकं केलंय. चित्र मी बघीन. आवाज तुम्ही बघा. चूक दिसली तर गुपचूप दुरुस्त करणार नाही, तोंडावर सांगीन, तुम्ही मला सांगायचात तशी. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून नाही बोलत. खरंच नाही. तुमच्याशिवाय मला कट कुठे मारायचा ते कळत नाही. अजून नाही कळत. आता रडू येतंय, ते तुम्ही कापालच.

ठेवते.

•

२४ एप्रिल

सूनबाई,

आधी रागावून घेतो. तुझ्या सासूबाईंवर रागावलो, त्यांना सवय आहे. तुझ्यावर रागवायला बसलो होतो, पण त्यासाठी तुझं बोलणं पुन्हा ऐकणं भाग होतं, आणि तिथेच घात झाला.

काय झालं ते सांगतो. चिरंजीव मशीन जोडून, बटणं दाखवून परत गेले. मी काही हात लावला नाही. मनात म्हटलं, पडून राहू दे. मग डिस्क जुन्यावर लावून तुझा आवाज ऐकला. तू बोललीस चांगलं, पण कापलंस भयंकर. म्हणजे कापलंच नाहीस. खोकला काय, "तर" काय, "असो" काय! अशी घाण माझ्या टेबलावर आली की माझा हात गप्प बसत नाही हे तुला ठाऊक आहे. मला संशय आहे की तू ते मुद्दाम केलंस. केलं असशील तर तू माझ्यापेक्षा वरचढ झालीस.

मी तुझं पत्र कापायला घेतलं. नव्यावर. डावा अंगठा टेकवला, कट झाला. करंगळीने मागे गेलो. सगळं जागच्या जागी, जसं मी मिट्ट काळोखात उठून माझ्याच घरात पाणी प्यायला जावं. तो सरकारी आवाज मात्र एका दमात बोलतो, कुठे श्वास म्हणून घेत नाही. त्याला शिट्टीबाईंकडे पाठवायला हवं. पण खोटं बोलत नाही, हा त्याचा मोठा गुण. "चेहरा धूसर," असं त्याने मला सरळ सांगितलं. तुझ्या सासूबाईंना ते जमलं नव्हतं.

तर पहिली गोष्ट. तो धूसर तुकडा काढ आणि दुसऱ्या कॅमेऱ्याचा लाव. तुझं कौतुक गोड होतं, पण ते मी कमावलेलं नाही. त्या बाईंनी जन्मभर पोरांना पाण्यातून वर आणलं आणि मी त्यांना बुडवून ठेवू? लोकांना त्या लख्ख दिसू देत. आवाज होता तसाच राहील, त्याला हात लावायचा नाही.

दुसरी गोष्ट, नाडीवाला. तो काढला आहे. आता तिथे नुसतं पाणी आहे आणि नावं आहेत. तुला पटतंय का बघ, नाही पटलं तर तोंडावर सांग. ते तू कबूल केलं आहेस.

तिसरी गोष्ट, तुझं पत्र. कापून डिस्कवर परत पाठवलं आहे. तू माझी कीव जिथे जिथे केलीस ते सगळं काढलं. वाईट वाटून घेऊ नकोस, त्या जागा तशाही सैल होत्या. "मला कळलंय" च्या आधी तू थांबलीस, तेवढं सगळं ठेवलं. तिथे तू श्वास घेतलास तो मला ऐकू आला. तसा श्वास दयेने घेत नाहीत, पाण्यात उडी मारायच्या आधी घेतात. सुरुवातीचं "बाबा" घाबरलेलं होतं, म्हणून ते तिथून उचलून शेवटी नेलं आणि "ठेवते" काढून टाकलं. "अजून नाही कळत" हे वाक्य खोटं आहे, ते मी काढणार होतो. तुला कट कुठे मारायचा ते केव्हाच कळतं. हे मशीन ज्या तऱ्हेने तू मांडून दिलंस, तसं मला मांडता आलं नसतं. मी तुला श्वास कापायचा नाही एवढंच शिकवलं होतं. थांबलेला पुन्हा सुरू कसा करायचा हे तुला कुणी शिकवलं, देव जाणे. पण ते वाक्य बोलताना आवाज खरा होता, म्हणून राहू दिलं.

शिट्टीबाईंच्या निरोपाला आम्ही दोघं येतो आहोत. मला पडद्याच्या एका कडेला बसव, मधोमध नको. कडेने मला बाई दिसतील.

मोजा तुझ्या सासूबाईंनी रफू केला आहे. पुढचं काम त्यातच घालून पाठव.

बाबा

(डिस्कवरचा आवाज, बाबांनी कापलेला)

मी बोलतेय.

(श्वास)

मला कळलंय. मला काम बोलायचंय. बटणं होती तिथेच आहेत. चित्र मी बघीन. आवाज तुम्ही बघा. तुमच्याशिवाय मला कट कुठे मारायचा ते कळत नाही. अजून नाही कळत.

(श्वास)

बाबा.